कर्णपटलाची डागडुजी

सन १६४० मध्ये जर्मनीतील मार्कुस बान्झर नावाच्या एका वैद्याने बधिरत्वासंबंधी जो लॅटिन प्रबंध लिहिला, त्यात फाटलेल्या कर्णपटलाच्या जागी बसविण्याजोगा एक कृत्रिम पडदा सुचविलेला आहे. एल्क नामक उत्तरेकडील थोराड हरणाच्या खुरापासून एक बारीक नळी तयार करावी, तिच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाचे पातळ आवरण ताणून बांधावे आणि ती नळी रोग्याच्या कानात सारावी, अशी ही तजवीज होती. आजच्या वाचकास ती वाचून हसू येईल. परंतु कर्णपटल हे ताणलेले कातडे आहे आणि कातड्यास पडलेल्या भोकावर ठिगळ लावता येते, हे ज्याला त्या काळी सुचले त्याची कल्पकता उपहासास पात्र नाही. बान्झरपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे तीनशे वर्षांहून अधिक काळ, युरोप-अमेरिकेतील शल्यवैद्यांनी या ठिगळासाठी कापूस, रबर, अंड्याच्या कवचाआतील पापुद्रा, कागद, कातडी आणि रक्तवाहिनीची भिंत असे नानाविध पदार्थ वापरून पाहिले. अखेरीस जो पदार्थ सर्वांत सरस ठरला तो रोग्याच्या स्वतःच्या कानशिलात, कानापासून दोन बोटांच्या अंतरावर, सर्व काळ पडून होता. तो हाती लागण्यास इतका विलंब का झाला, याचा हा वृत्तांत आहे.

ज्या अवयवाची ही कथा, त्याचे आकारमान प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. कर्णपटल फार तर करंगळीच्या नखाएवढे, म्हणजे नऊ-दहा मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या एक दशांशाच्या आसपास भरते. एवढ्या जाडीतही बाहेरून त्वचा, मध्ये तंतूंचा थर व आतून श्लेष्मल आवरण अशी तीन पदरी रचना असते. त्याच्यामागे मध्यकर्णाची हवेने भरलेली चिमुकली कोठडी असून, हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडांची साखळी पटलापासून अंतःकर्णाच्या अंडाकृती गवाक्षापर्यंत पोहोचते. पहिल्या दोन हाडांना लोहाराच्या अवजारांची नावे शरीरशास्त्रज्ञ व्हेसेलियस याने दिली आणि तिसऱ्या, जेमतेम तीन मिलिमीटर उंचीच्या हाडाचे वर्णन १५४६ च्या सुमारास इंग्रासिया या इटालियन पंडिताने केले. ही साखळी कशासाठी आहे, याचा गणिती उलगडा मात्र हेल्महोल्ट्झने १८६८ च्या सुमारास केला. अंतःकर्ण द्रवाने भरलेला आहे, आणि हवेतून येणारा ध्वनी द्रवावर आदळला की त्याचा बहुतेक भाग परत फिरतो. तो आत शिरावयाचा तर त्याचा दाब वाढविला पाहिजे. पटलाचे कार्यकारी क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सुमारे सतरापट असते, आणि हातोडा-ऐरणीच्या तरफेमुळे त्यात आणखी सुमारे एक-तृतीयांशाची भर पडते. अशा रीतीने नखाएवढ्या पटलावरचा क्षीण दाब रिकिबीखाली वीस-बावीस पटींनी वाढून उतरतो. पटल फाटले तर या व्यवस्थेत काहीशी तूट येते. परंतु पटल शाबूत राहून साखळी तुटली तर तूट साठ डेसिबलपर्यंत जाते, आणि त्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलणे जवळजवळ व्यर्थ होते.

आघाताचे प्रकार फारसे बदललेले नाहीत. कान कोरताना कोणाचा धक्का लागून आत गेलेली काडी, पाण्यात सूर मारताना कानावर बसलेला तडाखा, तोफ किंवा दारूगोळ्याचा स्फोट, डोक्यावर पडून झालेला कवटीचा अस्थिभंग, आणि या सर्वांपेक्षा नित्याची अशी कानाखाली ओढलेली चपराक. उघडा तळहात कानावर नेमका बसला म्हणजे श्रवणनलिकेतील हवेचा स्तंभ क्षणार्धात दाबला जातो व पटल फाटते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३२० व्या कलमात जबर दुखापतीचे जे प्रकार गणलेले होते, त्यांत कोणत्याही एका कानाचे श्रवण कायमचे जाणे हा तिसरा प्रकार होता. त्यामुळे जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनास फौजदारी प्रकरणांत दाखला देताना, भोक नुकत्याच खाल्लेल्या माराचे की लहानपणापासून वाहणाऱ्या कानाचे, याचा निवाडा करावा लागे. ताज्या भोकाच्या कडा वेड्यावाकड्या व रक्ताळलेल्या असतात, जुन्याच्या गोल व गुळगुळीत. फिर्यादीने मध्यंतरी कानात कोमट तेल सोडले असेल तर हा पुरावाही डागाळून जाई. आणि आपल्याकडील घरगुती उपचारांत दुखऱ्या कानात तेल सोडणे हा तर जवळजवळ कुळाचार आहे.

हाडांच्या साखळीत सर्वांत दुबळी जागा ऐरणीची. हातोडा पटलात रुतलेला असतो व त्याला ओढून धरणारा एक स्नायू असतो. रिकिबीलाही तिचा स्वतंत्र स्नायू आहे आणि तिचा तळ गवाक्षात बसविलेला आहे. ऐरणीला मात्र एकही स्नायू नाही, ती बंधांच्या आधाराने दोघांच्या मध्ये लोंबकळत असते. कवटीला जबर धक्का बसला की बहुधा तीच आपली जागा सोडते आणि रिकिबीशी असलेला तिचा नाजूक सांधा निखळतो.

अठराव्या शतकापर्यंत वैद्यांमध्ये खरा वाद दुरुस्तीचा नव्हता. ऐकण्यास कर्णपटल आवश्यक तरी आहे काय, याचाच होता. लंडनचा विख्यात शल्यवैद्य चेसेल्डन याने हा प्रश्न प्रयोगाने सोडविण्याचे योजिले. फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याने पटलास छिद्र पाडून घेण्यास संमती द्यावी व त्याबदली त्यास माफी मिळावी, असा बेत ठरला. पण लोकांत एवढा हलकल्लोळ उडाला की तो सोडून द्यावा लागला. पुढे १८०० साली अ‍ॅस्टली कूपर याने रॉयल सोसायटीपुढे एका तरुणाची हकीकत मांडली. या गृहस्थाची दोन्ही पटले लहानपणीच्या रोगाने नष्ट झाली होती, आणि तरीही तो संभाषण समजू शके. इतकेच नव्हे तर बासरीही उत्तम वाजवी. कूपरला या कामगिरीबद्दल कॉप्ली पदक मिळाले; परंतु त्याच्या निष्कर्षाचा एक अनिष्ट परिणामही झाला. पटलावाचून चालते असे दिसल्यावर, कोणत्याही बहिऱ्या माणसाच्या धडक्या पटलाला भोक पाडण्याची एक लाटच युरोपभर उसळली. कूपरने ही शस्त्रक्रिया कंठकर्णनलिका बंद झालेल्या मोजक्या रोग्यांसाठी सांगितली होती. तिचा सरसकट वापर पाहून त्याने स्वतः तिच्यातून अंग काढून घेतले. फाटलेले जोडण्याआधी वैद्यकाने न फाटलेले फाडण्याचा उद्योग केला, हा इतिहासाचा एक विनोद म्हणावा लागेल.

ठिगळाच्या कल्पनेस नवे चैतन्य आले ते एका रोग्याच्या चातुर्यामुळे. १८४१ साली जेम्स यर्सली या लंडनच्या कर्णवैद्याकडे न्यूयॉर्कचा एक गृहस्थ आला. कागदाचा बारीकसा तुकडा थुंकीने ओला करून कानात खोल सारला म्हणजे आपल्याला ऐकू येते, हे त्याने स्वतःच शोधून काढले होते आणि कित्येक दिवस तो या युक्तीवर निभावीत होता. यर्सलीने कागदाऐवजी ओल्या कापसाची गोळी वापरली आणि १८४८ मध्ये ती रीत ‘लॅन्सेट’मधून जाहीर केली. पाच वर्षांनी जोसेफ टॉयन्बी याने रबराची पातळ चकती चांदीच्या तारेवर बसवून कृत्रिम कर्णपटल म्हणून पुढे आणली, आणि श्रेय कोणाचे यावरून दोघांत चांगलीच जुंपली. मतभेद केवळ श्रेयाचा नव्हता. यर्सलीच्या मते कापसाचा सैल झालेल्या हाडांना आधार मिळतो, तर टॉयन्बीच्या मते मध्यकर्णाची उघडी पडलेली कोठडी बंद होते, म्हणून श्रवण सुधारते. आज पाहता दोघांच्याही हाती सत्याचा एकेक तुकडा होता. अंतःकर्णास दोन गवाक्षे आहेत, एक अंडाकृती आणि दुसरे वर्तुळाकार. ध्वनी एकातून आत ढकलला जातो तेव्हा दुसऱ्याने बाहेर फुगले पाहिजे, तरच आतील द्रव हालतो. पटल नाहीसे झाले की ध्वनी दोन्ही गवाक्षांवर एकाच वेळी जाऊन आदळतो आणि दोन्ही दाब एकमेकांस मारतात. कापसाची गोळी योग्य ठिकाणी बसली तर वर्तुळाकार गवाक्षास आडोसा मिळतो. हा आडोशाचा सिद्धांत शस्त्रक्रियेच्या पायाशी बसविला जाण्यास पुढे शंभर वर्षे लागली.

टॉयन्बीविषयी थोडे अधिक लिहिण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. बधिरांचे मृत्यूनंतर विच्छेदन केल्याखेरीज बधिरत्वाचे शास्त्र होणार नाही, अशी त्याची धारणा होती आणि त्या निष्ठेने त्याने दीड हजारांहून अधिक कान उघडून तपासले; १८५७ मध्ये त्यांची जी सूची छापली ती वाचताना, एका माणसाने एका इंद्रियासाठी एवढे सायास केले याचे नवल वाटते. कानात सतत घुमणाऱ्या नादावर काही उपाय सापडेल काय, हे पाहण्यासाठी क्लोरोफॉर्म व हायड्रोसायनिक आम्ल यांच्या वाफा नाकावाटे कानांत दाबण्याचा प्रयोग तो स्वतःवर करीत असे. ७ जुलै १८६६ रोजी सॅव्हिल रो येथील आपल्या दवाखान्यात याच प्रयोगात त्याचा अंत झाला. औद्योगिक क्रांती ही संज्ञा ज्याच्या व्याख्यानांमुळे इतिहासग्रंथांत रूढ झाली, तो अर्नोल्ड टॉयन्बी त्याचाच मुलगा.

या सर्वांची खरी अडचण हाताची नव्हती, डोळ्यांची होती. श्रवणनलिका सुमारे एक इंच लांब, वाकडी व काळोखी. तीत प्रकाश घालावा तर वैद्याचे डोके आड येते, आणि सूर्य कलला की तपासणी बंद पडते. १८४१ मध्ये जर्मनीतील हॉफमान या साध्या गावच्या डॉक्टराने मध्यभागी छिद्र असलेला अंतर्गोल आरसा वापरून प्रकाश आणि दृष्टी एकाच रेषेत आणली; त्याकडे कोणी लक्ष दिले नाही, आणि १८५५ मध्ये व्युर्झबुर्गच्या फॉन ट्र्योल्च याने त्याच युक्तीचा स्वतंत्रपणे पुरस्कार केला तेव्हाच तिचा सर्वत्र स्वीकार झाला. त्याच वर्षी रिने याने कंपनकाट्याची ती कसोटी प्रसिद्ध केली, जिच्यामुळे बधिरत्व मध्यकर्णातले की त्याच्या आतले, हे दाराशी बसूनच बरेचसे ठरविता येऊ लागले.

डोळा पोहोचला तेव्हा हातही धीट झाला. क्योनिग्सबर्गच्या एमिल बेर्टोल्ड याने १८७८ मध्ये भोकाच्या कडा आधी चिकटपट्टीने खरवडून ओल्या केल्या व मग त्यावर रोग्याच्या अंगावरील कातडीचा तुकडा बसविला. कर्णपटलाच्या शस्त्रक्रियेचे मायरिंगोप्लास्टी हे नाव त्यानेच दिले. कातडीच्या कलमाची प्रेरणा कोठून आली याचा माग काढीत गेल्यास एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. इंग्रजांच्या लष्करातील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते; पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका कसबी माणसाने कपाळाची कातडी वळवून ते पुन्हा घडविले, आणि ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. ती वाचून कार्प्यूने लंडनला तशीच शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये तिजवर पुस्तक लिहिले. त्यातून युरोपात अवयवनिर्मितीच्या शल्यकर्माचा जीर्णोद्धार झाला. परंतु याहून अधिक बढाई मारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कुंभाराची कातडी देठासह वळविलेली होती, तर बेर्टोल्डची देठ तोडून उचललेली. या दोहोंमध्ये १८६९ मधील रेव्हेर्दांची मोकळी कलमे येतात, आणि त्यांचा पुण्याशी संबंध जोडण्यास आधार नाही.

बेर्टोल्डचे अनुकरण फार थोड्यांनी केले. त्याऐवजी लोकप्रिय झाली ती बॉस्टनच्या क्लॅरेन्स ब्लेकची कागदी ठिगळाची पद्धत. ब्लेक हा व्हिएन्नास पोलिट्झरच्या हाताखाली शिकून आलेला. १८७४ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेलला ध्वनीची कंपने काचेवर रेखाटण्याच्या प्रयोगासाठी मृत माणसाचा कान त्यानेच मिळवून दिला होता. १८८७ मध्ये त्याने सांगितलेली कृती अगदी साधी होती: पातळ कागदाचा एक तुकडा भोकावर ठेवावा आणि पुढचे काम शरीरावर सोपवावे. कागद पटल होत नाही; तो केवळ पाया बनतो, ज्यावरून कडेची त्वचा हळूहळू सरकत भोक बुजविते, आणि काम झाल्यावर त्वचेबरोबर बाहेर ढकलला जातो. कर्णपटलाची त्वचा मध्यापासून कडेकडे सतत वाहत असते, या तिच्या स्वभावाचा हा उपयोग होता.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण रोग्यांच्या हितास तीच सर्वाधिक कारण झाली. आघाताने पडलेली बहुतेक भोके, दहांपैकी आठ किंवा अधिक, काहीही केले नाही तरी दोन-तीन महिन्यांत आपोआप भरून येतात. भरत नाहीत ती बहुधा ओली झालेली, दूषित पाण्याने धुतलेली, तेलाने भिजविलेली. हा धडा दोन महायुद्धांनी घालून दिला. चौरस इंचाला पाच पौंडांच्या आसपास जादा दाब पडला की पटल फाटू लागते, आणि तोफखान्यावरील सैनिकांत, बाँबखाली सापडलेल्या शहरांत अशा कानांची रीघ लागली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावरील सुमारे चौदाशे टन स्फोटके भडकली तेव्हा तर हा युद्धातील प्रसंग आपल्या उंबरठ्यावरच येऊन ठेपला. पूर्वी अशा कानात पिचकारीने पाणी मारून रक्ताची गाठ धुऊन काढण्याचा शिरस्ता होता. आता त्यास मनाई झाली. पाणी नको, थेंब नकोत, नाक जोराने शिंकरू नये, बाहेर कोरडा निर्जंतुक बोळा ठेवावा आणि वाट पाहावी. शल्यवैद्यास काहीही न करण्याचा हुकूम पाळणे किती जड जाते, हे ज्याने वैद्यकाचा इतिहास वाचला आहे त्याला सांगावयास नको.

हाडांचे मात्र तसे नव्हते. निखळलेली ऐरण आपणहून जागेवर येत नाही, आणि तिच्यापर्यंत हात नेण्याचे मार्ग दीर्घकाळ बंद ठेवण्यात आले. १८७० नंतर केसेल याने रिकीब हलविण्याच्या वा काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. परंतु अंडाकृती गवाक्ष उघडले म्हणजे पू सरळ मेंदूच्या आवरणांकडे जाण्याचा धोका असे, आणि १९०० साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सीबेनमानसारख्या अधिकारी पुरुषांनी या सर्व उद्योगास निरर्थक व घातक ठरविले. प्रतिजैविक औषधांपूर्वीच्या काळात हा निवाडा चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. त्याची मुदत मात्र अर्धशतकापर्यंत लांबली.

निवाडा बदलला तो सूक्ष्मदर्शकामुळे व पेनिसिलिनमुळे. स्टॉकहोमच्या नीलेन याने १९२१ मध्ये एका डोळ्याचा आणि पुढील वर्षी त्याचा गुरू होल्मग्रेन याने दोन डोळ्यांचा सूक्ष्मदर्शक शस्त्रक्रियेत वापरला. पण ती उपकरणे अवजड, अंधूक व हलती होती. १९५३ मध्ये झाइस कारखान्यातील हान्स लिटमान याने रचलेला सूक्ष्मदर्शक बाजारात आला. दोन्ही डोळ्यांना खोलीचे भान देणारा, प्रकाश आपल्याच भिंगातून टाकणारा आणि शल्यवैद्याचे हात मोकळे ठेवणारा असा हा डोळा जर्मनीतील दोन वैद्यांच्या नेमका उपयोगी पडला. फ्रायबुर्गचा फ्रिट्झ झ्योलनर आणि त्या वेळी झीगेनला असलेला, पुढे व्युर्झबुर्गला गेलेला होर्स्ट वुलश्टाइन या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मध्यकर्ण पुन्हा उभारण्याची पद्धत बसविली होती आणि १९५३ च्या ॲम्स्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ती मांडली. वुलश्टाइनने टिम्पॅनोप्लास्टीचे, म्हणजे मध्यकर्णाच्या या उभारणीचे, पाच प्रकार ठरविले. त्यांतील पहिले चार असे: हाडे शाबूत असतील तर केवळ पटल, हातोडा गेला असेल तर पटल ऐरणीवर, तीही गेली असेल तर थेट रिकिबीवर, आणि रिकिबीची कमानही नसेल तर वर्तुळाकार गवाक्षास आडोसा देणारी लहानशी कोठडी. यर्सली व टॉयन्बी यांचे भांडण या कोष्टकात मुकाट्याने मिटलेले दिसते.

साहित्याच्या बाबतीत मात्र झ्योलनर व वुलश्टाइन या दोघांनीही हात पोळून घेतले. कलम म्हणून त्यांनी कातडी वापरली, आणि कातडीचा धर्म बाहेर राहून कोंडा टाकण्याचा. मध्यकर्णाच्या ओलसर काळोखात ती सुजे, सडे, पुन्हा फाटे. तुटलेल्या साखळीच्या जागी वुलश्टाइनने प्लॅस्टिकचा एक बारीक खांब उभा केला, तोही शरीराने बाहेर ढकलला. अमेरिकेत जॉन शे याने हातावरील नीलेची भिंत वापरली. ती कातडीहून बरी, पण आखूड व पातळ. १९५८ च्या सुमारास जर्मनीत हेरमान याने कानशिलावरील चर्वणस्नायूचे पांढरे, चिवट आच्छादन उचलून पटलाखाली घातले. अमेरिकेत स्टॉर्सने १९६१ मध्ये तेच केले, आणि काही वर्षांतच बाकीची सर्व ठिगळे मागे पडली. या आच्छादनास रक्ताची गरज जवळजवळ नसते, ते कोंडा टाकीत नाही, आणि त्याच जखमेतून हवे तेवढे मिळते. एवढे जवळ असून ते आधी कोणास का सुचले नाही? आमच्या समजुतीप्रमाणे, कातडे फाटले तर कातडेच लावावे, ही बान्झरपासूनची समजूत इतकी घट्ट होती की पाया म्हणून निर्जीवप्राय पापुद्रा पुरे, पुढचे काम कडेची त्वचा करील, हे ब्लेकच्या कागदाने सत्तर वर्षांपूर्वी सांगूनही कोणी ऐकले नाही.

हाडांच्या बाबतीतही हीच वाट सापडली. १९५७ मध्ये स्वीडनच्या हॉल व रिट्झनर यांनी रोग्याचीच ऐरण बाहेर काढून, तिला नवा आकार देऊन, हातोडा व रिकीब यांच्यामध्ये पूल म्हणून बसविली. अपघातात निखळलेल्या ऐरणीला तर ही रीत विशेष सोयीची, कारण हाड रोगाने खाल्लेले नसते, केवळ जागा सोडलेली असते. पडदा बुजून तीन महिने लोटले तरी कंपनकाट्याची तक्रार कायम राहिली, तर शल्यवैद्य नलिकेतून कातडीची एक पट्टी उचलतो, पडदा पुस्तकाच्या पानासारखा पुढे दुमडतो, आणि मागे कोठे तरी कलंडलेले ते हाड शोधतो. एखादा खड्डा रिकिबीच्या डोक्यासाठी, एखादी खाच हातोड्याच्या दांड्यासाठी कोरून ते परत बसवितो. पुढे टायटॅनियमचे तयार खांब निघाले, ते वजनास हलके व मापात नेमके. तथापि रोग्याची स्वतःची ऐरण धड सापडली, तर अनेक शल्यवैद्य अजूनही आधी तीच हाती घेतात.